गाणं तुटू न देणारी बाई

उज्ज्वला पारखे कधी एका जागी स्वस्थ बसलेली मला आठवत नाही. जेवायलासुद्धा अशी बसायची की एक गुडघा वर, टाच फरशीवर ठक ठक, आणि डोळे दाराकडे. देवासच्या कारखान्याच्या कॉलनीत आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून होती आणि त्या भिंतीपलीकडे सतत काहीतरी चालू असायचं. कुकर, रेडिओ, मुलीला हाका, नवऱ्याला हाका, आणि यातलं काहीच नसेल तेव्हा टेबलावर बोटांनी ठेका. मी शांत घरातली. पहिल्याच महिन्यात वैतागून मी भिंतीवर लाटणं आपटलं. तर पलीकडून तिनंही आपटलं, तेही माझ्याच ठेक्यात! आधी मला राग आला आणि मग हसू आवरेना. अहो-जाहोचं अगं-तुगं तिथूनच झालं.

ती माणसं सांगलीकडची, आम्ही जळगावकडचे. कारखाना निघाला तेव्हा आमच्या दोघींचे नवरे नोकरीसाठी माळव्यात आले आणि इथलेच झाले. पारखे भावजी म्हणजे देवमाणूस. बोलणं कमी, झोप जास्त. एकुलती मुलगी अश्विनी. ती हिंदी शाळेत शिकलेली, त्यामुळे मराठी बोलायची ते निम्मं हिंदीत बुडवून. "आई, मैं जा रही हूं ना, तू पीछे नको लागू." उज्ज्वला तिच्यामागे दारापर्यंत जायची, दारातून फाटकापर्यंत, आणि मग फाटकाशी उभी राहून हातातली पिशवी नुसतीच इकडून तिकडे करायची. आयुष्यात तिचा जीव दोनच गोष्टींत अडकला होता. एक ही पोर. दुसरी गोष्ट कॉलनीत आली ती नवरात्रात.

आमच्याकडे नवरात्र आलं की देवीच्या टेकरीवर माणसांची रीघ आणि खाली प्रत्येक मोहल्ल्यात गरबा. तोवर आमचा गरबा कॅसेटवर चालायचा. एक गाणं संपलं की कुणीतरी कॅसेट काढणार, उलटी करणार, पेन्सिलीनं गुंडाळणार. त्या वर्षी मंडळानं इंदूरहून एक साउंडवाला भिया, म्हणजे इकडच्या बोलीतला भैया, आणला. त्याच्याकडे दोन प्लेअर, आणि मधे एक चपटी पेटी, जिच्यावर गोल बटणांच्या रांगा आणि वरखाली सरकणाऱ्या खुंट्या. त्या खुंट्यांना तो फेडर म्हणायचा. एकीकडचं गाणं हळूच खाली घ्यायचं, दुसरीकडचं वर आणायचं, आणि नाचणाऱ्याला कळायचंही नाही की गाणं बदललं. उज्ज्वला नाचायचं सोडून त्या टेबलापाशीच उभी! मी हात धरून ओढलं तरी हलेना.

नवरात्र निम्म्यावर आलं आणि त्या भियाचं सेक्रेटरीशी चहावरून वाजलं. चहा गार मिळाला म्हणे. "मैं केरिया हूं, आपके यां इज्जत नी है," असं म्हणून तो स्कूटरला किक मारून गेला आणि सामान मात्र तिथंच राहिलं. बायका टिपऱ्या घेऊन उभ्या, पुरुष एकमेकांकडे बघताहेत. आणि आमच्या बाईसाहेब पदर खोचून सरळ टेबलामागे! बघता बघता तिनं हाताला येईल ते बटण दाबलं. धडाम! असा आवाज झाला की आरतीचं ताट कुणाच्यातरी हातातून पडलं आणि एका स्पीकरचा कागद टरकन फाटला. कॉलनी पोट धरधरून हसली. दुसरी कुणी असती तर तोंड लपवून घरी गेली असती. ही उरलेल्या एका स्पीकरवर गाणी लावत राहिली. लावली कसली, कधी एकदम मोठी, कधी एकदम गप्प, पण लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. बसली म्हणजे टेकली. "सुमन, तुझ्या लक्षात आलं का, बायका घरी कधी जातात?"

"दमल्या की जातात."

"नाही गं! गाणं तुटलं की जातात. नाचत असतात तोवर काही नसतं डोक्यात. गाणं संपलं, मधे गॅप पडली, की हिला गॅसवरचं दूध आठवतं, तिला सासूची गोळी आठवते. आणि एकदा आठवलं की संपलं. मी गॅपच नाही देणार."

तिची सगळी कला एवढ्यातच होती. पुढे तिनं पुष्कळ शिकून घेतलं, चुकून चुकून, लोकांना विचारून, इंदूरच्या त्याच भियाकडे जाऊन त्याला गरम चहा पाजून. पण मूळ गोष्ट हीच. बाईला वर्षातून नऊ संध्याकाळी घर विसरता यावं. आमच्या कॉलनीत हे कुणी तोंडानं बोललं नसतं. बोललं असतं तर नवऱ्यांनी वर्गणीच बंद केली असती.

दुसऱ्या वर्षी मंडळानं स्वतःचा मिक्सर घेतला आणि तो राहायला आला उज्ज्वलाच्या घरी. ठेवायला जागा कुणाकडेच नव्हती. तिच्याकडेही नव्हती. तिनं धान्याची कोठी बाहेर व्हरांड्यात काढली आणि तिथं टेबल मांडलं. धूळ बसू नये म्हणून बाग गावच्या छापाची, लाल-काळ्या फुलांची चादर शिवून वर घातली. मग हळदीकुंकू असो, बारसं असो, कुणाची एकसष्टी असो, पारखे भावजी खांद्यावर वायरींची भेंडोळी घेऊन पुढे आणि ही मागून पेटी पोटाशी धरून. मुलं तिला डीजेकाकू म्हणायला लागली.

जोडणीचा तिचा एक क्रम होता आणि त्यात तिनं देवाचंही ऐकलं नसतं. आधी प्लेअर चालू, मग मिक्सर, आणि ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर सगळ्यात आधी. क्रम चुकला की तोच पहिल्या दिवशीचा धडाम. "मोठ्या आवाजाच्याला शेवटी उठवायचं आणि पहिलं झोपवायचं," ती म्हणायची. "माझ्या सासऱ्यांना मी वर्षानुवर्षं असंच सांभाळलं." प्रत्येक चॅनलचा गेन, म्हणजे आवाज मुळात किती आत घ्यायचा ते, आधी ठरवायचा आणि मगच फेडरला हात लावायचा. जो माणूस आधी फेडर ढकलतो आणि मग गेन शोधतो, त्याच्या हाती पोरसुद्धा देऊ नये, असं तिचं मत. आमच्या सेक्रेटरीबद्दल ती नेमकं हेच म्हणायची, आणि तो मिक्सरच्या जवळपासही कधी फिरकला नव्हता.

आणखी एक. डाव्या कानाला हेडफोन, उजवा कान मोकळा. डाव्यात पुढचं गाणं, उजव्यात चालू असलेलं. अंबाड्यावर हेडफोनची पट्टी बसेना म्हणून तिनं अंबाडा सोडला आणि वेणी घालायला लागली. पण खरी पंचाईत पुढेच. ही सवय तिला घरीदारी लागली. तुम्ही बोलत असायचात आणि ती तुमच्याकडे अर्धंच बघत असायची. तुमचं वाक्य संपायच्या आत तिचं सुरू. एकदा मी माझ्या जाऊबाईंचं गाऱ्हाणं सांगत होते, चांगली रंगात आले होते, तर ही म्हणते, "हो ना, मग तू त्यांना काय म्हणालीस ते सांग, आणि उद्या साबुदाणा भिजत घालू का?" मला असा संताप यायचा! तिच्यापुढे माणूस दुःखसुद्धा सावकाश सांगू शकत नव्हता.

एका गणपतीत स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज यायला लागला. गाणं नसलं तरी घुंऽऽ. झालं! हिच्या अंगात आलं. अर्थिंगची वायर बदलली, पिना पुसल्या, टेबल हलवलं. तरी घुंऽऽ. मग म्हणाली, कुणाच्यातरी फ्रिजमुळे येतोय. भर दुपारी घरोघर जाऊन फ्रिज बंद करायला लावले. माझ्या फ्रिजमध्ये श्रीखंडाचा चक्का. मी म्हटलं, "उज्ज्वला, चक्का आंबला तर तुझ्या डोक्यावर थापीन." तिनं ऐकूनही घेतलं नाही, हात घालून बटण बंद केलं आणि पुढच्या घरी. संध्याकाळी कळलं की आवाज फ्रिजचा नव्हताच. मखराभोवतीची झगमगती माळ कमीजास्त करायचा जो डबा होता, तो आणि मिक्सर एकाच बोर्डावर होते. मिक्सरची पिन दुसरीकडे लावली आणि घुंऽऽ गायब. उज्ज्वला आनंदानं उडीच मारायची बाकी होती. चक्का आंबला. ती रात्रीच्या जेवणाला तोच चाटून पुसून खाऊन गेली, वर म्हणते, "थोडं आंबट बरंच लागतं."

आता मी हसते आहे, पण या सगळ्यात एक काटा होता आणि तो तिला दिवसभर टोचायचा. अश्विनीला आईची लाज वाटते की काय, हा तो काटा. बाकी कुणी काय म्हणतं याची तिनं कवडीइतकी पर्वा केली नाही. पण पोरगी घरात शिरली की ती तिच्या चेहऱ्याकडे बघायची, मग मिक्सरकडे, मग पुन्हा पोरीकडे.

अश्विनी अकरावीत असताना शाळेच्या गॅदरिंगला उज्ज्वलाला बोलावलं. बाई आदल्या दिवसापासून पिसाटल्यासारखी. नवी साडी, वेणी, सगळ्या पिना नव्यानं डाख लावून आणलेल्या. मी गेले नव्हते. संध्याकाळी ती परत आली आणि पेटी खाली न ठेवताच माझ्या दारात उभी राहिली.

"कसं झालं?"

"झालं छान. नाच सुरू होता. मी टेबलावर. अशू आणि तिची नवी मैत्रीण माझ्या बाजूलाच उभ्या. मैत्रिणीनं विचारलं, वो आंटी कौन है?" ती थांबली. उज्ज्वला बोलता बोलता थांबली, हेच मला नवीन होतं. "अशू म्हणाली, पता नहीं."

"तिला वाटलं असेल, तुला ऐकू जाणार नाही."

"हेडफोन डाव्या कानाला असतो, सुमन. त्या उजवीकडे होत्या." मग एकदम मान झटकून म्हणाली, "पण मी पुढचं गाणं अगदी वेळेवर लावलं हं. चूक नाही केली." आणि गेली घरी. भिंतीपलीकडून त्या दिवशी ठेका ऐकू आला नाही. मला त्या कार्टीला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. उज्ज्वलानं मात्र तिला एका शब्दानं विचारलं नाही.

वर्षं गेली. कॅसेटी जाऊन सीडी आल्या, मिक्सर बदलला, अश्विनी इंदूरला शिकून नोकरीला लागली. तिला धारचं स्थळ आलं. धारचे पोतनीस म्हणजे संस्थानच्या काळापासूनचं घराणं. आजोबा दरबारी कारकुनीत होते, मुलगा इंजिनिअर. बघण्याचा कार्यक्रम त्यांच्याच घरी होता, मीही गेले होते. पोतनीसबाई इतकं शुद्ध, जुनं मराठी बोलायच्या की आम्हाला आपण कुठल्यातरी पुस्तकात बसलोय असं वाटायला लागलं. त्यांनी अश्विनीला स्तोत्राचं एक पान वाचायला दिलं. ती पोर प्रत्येक जोडाक्षराला ठेचकाळत होती. पण पोतनीसबाई हसल्या.

"वाचन कच्चं आहे, ते होईल. मुलगी आम्हांस पसंत आहे. एकच विनंती." त्या उज्ज्वलाकडे वळल्या. "लग्नात आपण त्या यंत्रापाशी उभ्या राहू नये. आमच्या येथे जुनी माणसं येतात. मुलीची आई वाजंत्र्यांत, हे बरं दिसत नाही."

उज्ज्वलाची ठकठकणारी टाच थांबली. तिनं अश्विनीकडे बघितलं. अश्विनी सतरंजीकडे बघत होती.

"नाही राहणार," उज्ज्वला म्हणाली. "हातसुद्धा लावणार नाही. शब्द."

परतीच्या गाडीत मी तिला फैलावर घेतलं. "अगं, विचार तरी करायचास! पोरीच्या लग्नात सगळी कॉलनी तुझ्या तोंडाकडे बघणार."

"तिनं मान वर केली नाही ना, सुमन. केली असती तर मी भांडले असते. तिलाही तेच हवंय. शाळेतलं विसरलीस?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली आणि इंदूर येईपर्यंत पदराचं टोक पिळत राहिली.

लग्नापर्यंतचे दिवस मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मिक्सरवर चादर घातली ती उचललीच नाही. मग रिकाम्या हातांचं करायचं काय? तिनं पंख्याची पाती पुसली, माळ्यावरची भांडी काढून घासून परत माळ्यावर ठेवली, नको तितके पापड लाटले. माझ्या घरी येऊन माझी फडताळं लावली. मी म्हटलं, "बाई, तू आता माझ्या नवऱ्याला घासायला घेशील." ती हसली नाही.

लग्न धारलाच, समाजाच्या हॉलमध्ये. पोतनीसांनी तिथलाच एक साउंडवाला ठरवला होता. हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या उज्ज्वलानं मला कोपरानं ढोसलं. "बघ, स्पीकर कुठे ठेवलाय. बोहल्याच्या मागे! माइक त्याच्या तोंडासमोर येणार. शिट्टी मारणार तो."

"मग जाऊन सांग ना त्याला."

"शब्द दिलाय."

"हात लावणार नाही म्हणालीस. सांगायचं नाही असं कुठे म्हणालीस?"

"सांगायला गेले की हात जाणारच. मी ओळखते मला." आणि ती पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. पैठणी नेसलेली, नाकात नथ घातलेली वधूमाय अशी हातांवर बसलेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. पोतनीसांकडे वरमायेनं मंगलाष्टकं बघायची नाहीत अशी रीत, म्हणून पोतनीसबाई आतल्या खोलीत दार लावून बसल्या. इकडे अंतरपाट धरलेला, एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला आमची अश्विनी, खाली बारीक सनई लावलेली. मुलाच्या आत्याबाईंनी माइक घेतला. आवाज अगदी किनरा. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" साउंडवाल्यानं बटण पिळलं, आणि तेवढ्यात दिवे मिणमिणले म्हणून तो जनरेटरकडे पळाला.

आणि शिट्टी. अशी कर्कश की पोरं कान धरून रडायला लागली. आत्याबाई घाबरून माइक आणखी स्पीकरकडे घेऊन गेल्या, मग काय विचारता! कुणी म्हणतंय, "भिया, बंद करो!" पण भिया आहे कुठे? एका काकांनी शूर होऊन भिंतीतली एक पिन उपटली, तर पंखे बंद. सगळी कॉलनी उज्ज्वलाकडे बघत होती. पारखे भावजीसुद्धा. ती हातांवर बसून अशी थरथरत होती की खुर्ची वाजत होती. मी तिच्या कानात ओरडले, "ऊठ! खड्ड्यात गेला तो शब्द!" तिनं नुसती मान हलवली. डोळ्यांतून पाणी.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून अश्विनी निघाली. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात हार, तशीच. बिचाऱ्या नवरदेवाला अंतरपाटाखालून नुसते तिचे पाय दिसत होते, ते दिसेनासे झाले. पुढे तो सांगायचा, की मला वाटलं ही पळाली. ती पळाली नव्हती. ती अक्षता तुडवत तरातरा टेबलापाशी गेली, हार गळ्यात अडकवला आणि सगळ्या आवाजांचा मिळून असतो तो मोठा फेडर, मास्टर, एकदम खाली ओढला.

शिट्टी थांबली. पण सनईही थांबली, माइकही थांबला. सगळा हॉल चिडीचूप.

आणि त्या शांततेत उज्ज्वला उभी राहून किंचाळली, "अशू, मास्टर नको! मास्टर वर घे! तिसऱ्याचा गेन कमी कर, तिसऱ्याचा!"

अश्विनीनं मान न वळवता तिसरं, माइकचं बटण मागे फिरवलं, मास्टर हळूहळू वर घेतला. सनई परत आली, आणि आत्याबाईंचा किनरा आवाजसुद्धा स्वच्छ. मग ती जशी गेली तशी परत पाटावर येऊन उभी राहिली. गुरुजी अक्षता मुठीत धरून थांबले होते. "वधू आलेल्या असल्यास पुढे घेतो," म्हणाले. हशा पिकला, आणि मंगलाष्टकं पुरी झाली.

अक्षता पडल्यावर आतलं दार उघडलं. पोतनीसबाई बाहेर आल्या, मुलाकडे न बघता सरळ उज्ज्वलासमोर.

"मघाशी कोण ओरडलं?"

"मी." उज्ज्वलानं दोन्ही हात पुढे केले, शाळेत नखं दाखवतात तसे. "पण हात नाही लावला."

"ते आलं लक्षात. दार लावलेलं होतं, माइकही बंद होता, तरी आपला आवाज आत स्पष्ट आला," पोतनीसबाई म्हणाल्या आणि सुनेकडे गेल्या. त्या रागावल्या होत्या की काय, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

पाठवणीच्या वेळी मी ओटीचं ताट धरून दोघींच्या मधेच उभी होते, म्हणून हे कानांवर पडलं. मी काही मुद्दाम ऐकायला गेले नव्हते. अश्विनी रडत नव्हती, चिडली होती.

"तू उठली का नाहीस, आई?"

"शब्द दिला होता ना तुझ्या सासूबाईंना."

"मला विचारलंस? मैंने कब बोला था की नको? तू पटकन हो म्हणालीस, मला वाटलं तूच थकलीस त्या सगळ्याला."

"तू मान खाली घातली होतीस, बाळा."

"स्तोत्र वाचता आलं नाही म्हणून घातली होती! सगळ्यांसमोर लाज गेली होती माझी." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आई, शाळेत मी पता नहीं म्हणाले होते. तू ऐकलं होतंस."

"नाही गं. कधी?"

"खोटं नको बोलू. पुढचं गाणं उशिरा आलं होतं. तुझं कधी उशिरा येत नाही. मला तेव्हाच कळलं होतं, पर बोलने की हिम्मत नहीं हुई."

उज्ज्वलानं पोरीला असं घट्ट धरलं की माझ्या हातातलं ताट कलंडलं आणि तांदूळ दोघींच्या पायांवर सांडले. "माझ्या एकुलत्या पोरीच्या लग्नात माझा हात नाही लागला गं," एवढंच ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा. मलाही रडू फुटलं. सांगायला लाज कसली.

पुढे यांनी कारखाना सोडला आणि आम्ही इंदूरला राहायला गेलो. भिंतीला भिंत गेली. नव्या घरात इतकं शांत वाटायचं की मला झोप येईना. एका नवरात्रात काही कामानं देवासला गेले होते. परतताना दुपारी बस स्टँडवर बघते तर सुटायच्या बेतात असलेल्या गाडीत खिडकीशी उज्ज्वला! वेणीत पांढरे केस, मांडीवर भलीमोठी पिशवी, आणि कंडक्टरशी भांडण चाललेलं. तो म्हणत होता, "बाई, झोला ऊपर धर दो." ती म्हणत होती, "भिया, तुम खुद ऊपर बैठ जाओ, ये नी जाएगा."

मी धावत खिडकीखाली गेले. "अगं, कुठे निघालीस?"

"धारला! अशूच्या मोहल्ल्यात गरबा आहे. बायका दोन गाण्यांत घरी पळतात म्हणते. मी येते म्हटलं." तिनं पिशवीवर थाप मारली. एवढं बोलेपर्यंत तिनं माझ्या मागच्या फळवाल्याला हाक मारली, पेरू घेतले, एक माझ्या हातात कोंबला.

"आणि विहीणबाई? त्यांना माहीत आहे का, तू पेटी घेऊन येते आहेस ते?"

गाडी हलली. मी पेरू हातात धरून सोबत चालायला लागले, मग पळायला. "उज्ज्वला, अगं, त्यांना सांगितलंस का?"

तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. कंडक्टर मागून ओरडत होता, तिला त्याचं काही नव्हतं.

"सांगायचं कशाला?" ती ओरडली. "ऐकू येईल ना त्यांना!"